काच स्वस्त, शटर महाग: सोलापुरात ४×५ कॅमेऱ्यासाठी लेन्स शोधताना

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका तरुण छायाचित्रकाराने बंद पडलेल्या स्टुडिओतून हाफ प्लेट या जुन्या, ४×५ इंचांहून मोठ्या मापाचा, घडी करून नेता येणारा सागवानी फील्ड कॅमेरा विकत घेतला. भाता, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांमधला घड्यांचा भाग, धड होता, कुठे छिद्र नव्हते. पितळी पट्ट्या शाबूत होत्या, रॅक सुरळीत सरकत होता. लेन्स मात्र कोणीतरी आधीच काढून नेली होती आणि तिच्या जागी भोक पडलेली फळी तेवढी उरली होती. ओळखीच्या सुताराकडून त्याने मागची चौकट बदलून घेतली, त्यामुळे ४×५ इंची फिल्म होल्डर बसू लागला. घिसलेली काच, म्हणजे जिच्यावर चित्र पाहून फोकस करतात ती, आणि होल्डरमधली फिल्म एकाच पातळीवर यावी लागते, म्हणजे होल्डरच्या टेकण्याच्या कडेपासून ५ मिलिमीटर आत. सुताराला हे एकच माप डोळ्यांत तेल घालून पाळायला सांगितले होते आणि त्याने ते पाळले. लेन्ससाठी हाती बारा हजार रुपये उरले.

माझ्याकडे तो आला तो लेन्सच्या नावांची आणि किमतींची यादी घेऊन. यादीतले सगळे बजेटच्या बाहेरचे. "सर, बारा हजारात नुसतं शटर पण येत नाही," तो म्हणाला. पुढचा सगळा शोध या वाक्याला धरूनच झाला.

आधी काम, मग लेन्स

कोणती लेन्स घ्यायची हे ठरवण्याआधी कशाचे फोटो काढायचे ते त्याच्याकडून वदवून घेतले. त्याला दोन गोष्टी करायच्या होत्या. पहिली, यंत्रमाग कामगारांची व्यक्तिचित्रे. त्याचे वडील चादरीच्या कारखान्यात आयुष्यभर मागावर उभे राहिले. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन मिळाले, पण ती विणणाऱ्यांचे चेहरे नीट टिपून ठेवलेले नाहीत, ही त्याची खंत. दुसरी, शहरातल्या जुन्या इमारती: इंद्रभुवन, पेठांतले वाडे, १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलचे जे काही उभे आहे ते.

ही दोन कामे लेन्सकडून दोन वेगळ्या गोष्टी मागतात. चेहऱ्यासाठी फोकल लेंग्थ (ती जितकी लांब तितके दृश्य जवळ येते) जराशी लांब हवी. ४×५ फिल्मचा प्रत्यक्ष उमटणारा भाग साधारण ९५×१२० मिलिमीटर असतो आणि त्याचा कर्ण १५३ मिलिमीटर. म्हणून १५० ची लेन्स या मापाला 'नॉर्मल' धरतात. व्यक्तिचित्राला २१० किंवा २४० बरी, कारण माणसाच्या नाकाजवळ कॅमेरा न्यावा लागत नाही.

इमारतीचे गणित निराळे. कॅमेरा वर झुकवला की भिंती आत कलतात. फील्ड कॅमेऱ्यात त्यासाठी लेन्सची फळी वर सरकवता येते. पण फळी वर सरकली की लेन्सने टाकलेले प्रकाशाचे वर्तुळही वर सरकते. वर्तुळ लहान असेल तर फिल्मचे कोपरे काळे पडतात. समजा बारा मीटर उंच दर्शनी भाग तीस मीटरवरून २१० च्या लेन्सने टिपायचा आहे आणि कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर आहे. इमारतीचा माथा फिल्मवर मध्यापासून साधारण ७४ मिलिमीटरवर पडतो. फिल्म उभी धरली तरी ती मध्यापासून ६० मिलिमीटरच पुरते. म्हणजे फळी किमान १४ मिलिमीटर वर न्यायला हवी, आणि माथ्यावर थोडे आकाश हवे असेल तर २५. १५३ मिलिमीटरचे जेमतेम वर्तुळ देणारी लेन्स इथे निकामी. वर्तुळ २१० मिलिमीटरचे असेल तर उभ्या फिल्मवर सुमारे ३३ मिलिमीटर वर सरकता येते, आणि काम भागते.

ही आकडेमोड त्याने वहीत स्वतः केली. त्यानंतर यादीतली अर्धी नावे आपोआप गळली. मला हा टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो. लेन्सचा ब्रँड आणि तिची कीर्ती यांवर तासन्तास बोलले जाते, वर्तुळ किती हे मात्र शेवटी विचारले जाते.

पैसे कशाचे जातात

बाजारात चांगली समजली जाणारी लेन्स म्हणजे सहा काचांची प्लाझमॅट बनावटीची १५० किंवा २१० मिलिमीटर, एफ/५.६ (एफचा आकडा लहान, तितके लेन्सचे भोक मोठे): श्नायडरची सिम्मार-एस, रोडनश्टॉकची सिरोनार-एन, निक्कोर-डब्ल्यू, फुजिनॉन-डब्ल्यू. चारही उत्तम. कॅल्युमेट कंपनीने 'काल्टार' नावाने विकलेल्या बऱ्याच लेन्स रोडनश्टॉक किंवा श्नायडरनेच बनवलेल्या असतात आणि नाव अनोळखी असल्याने थोड्या स्वस्त पडतात, हे ध्यानात ठेवण्यासारखे. पण शटरसकट वापरलेली चांगली प्रत साधारण दीडशे ते अडीचशे डॉलरला जाते. त्यावर पोस्टेज, कस्टम ड्युटी, जीएसटी. बारा हजारांत ती बसण्याचा प्रश्नच नव्हता.

या किमतीतला मोठा वाटा शटरचा असतो. निकॉनने जानेवारी २००६ मध्ये लार्ज फॉरमॅट, म्हणजे ४×५ इंच आणि त्याहून मोठ्या फिल्मच्या, लेन्सचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. या लेन्सना बसणारी कोपाल शटरही आता नवीन बनत नाहीत. काचा झिजत नाहीत, पण शटरच्या स्प्रिंगा आणि चक्रे थकतात, आणि चालू शटरला मागणी वाढतच जाते. तीच काच शटरशिवाय, नुसत्या बॅरलमध्ये (धातूच्या नळीत) असली, तर तिची किंमत निम्म्याखाली येते. कधी कधी तर तिला कोणी विचारतही नाही.

मग मी त्याला विचारले, तुझ्या कामाला शटर हवेच आहे का? फिल्म जर मंद गतीची असेल आणि एक्स्पोजर एका सेकंदापेक्षा जास्त असेल, तर लेन्सची टोपी हेच शटर. जुन्या स्टुडिओत टोपी काढून, तोंडाने मोजून, टोपी परत लावत. रस्त्यावरचे 'मिनिट कॅमेरे'वाले कागदी निगेटिव्हवर असेच काम करत. हे एकदा मान्य केले की शोधाचा नकाशाच बदलतो. फोटोग्राफीच्या दुकानांतून तो बाहेर पडतो आणि ज्या ज्या धंद्यात मोठ्या लेन्स लागत होत्या तिथे जातो.

जे पाहिले आणि सोडले

प्रेस कॅमेऱ्यांच्या जुन्या लेन्स, म्हणजे कोडॅकची १२७ मिलिमीटर एक्टार, ग्राफ्लेक्सची १३५ ची ऑप्टार. शटरसकट मिळतात आणि तुलनेने स्वस्त. या बातमीदारांच्या कॅमेऱ्यासाठी बनल्या, तिथे फळी सरकवायची वेळच येत नसे. वर्तुळ १६० मिलिमीटरच्या आसपास धरले तर उभ्या फिल्मवर जेमतेम चार मिलिमीटर सरकता येते. व्यक्तिचित्राला चालल्या असत्या, इमारतींना नाही. सोडल्या.

सोव्हिएत इंदुस्तार-५१, २१० मिलिमीटर, एफ/४.५. टेसार या चार काचांच्या बनावटीची, १३×१८ सेंटिमीटरच्या लाकडी कॅमेऱ्यासाठीची, बिनशटरची. वर्तुळ भरपूर, उजेड भरपूर, किंमत माफक. एरवी मी हीच सुचवली असती. पण २०२२ नंतर त्या भागातून पार्सल मागवणे बेभरवशाचे झाले आहे, आणि ज्याच्याकडे एकदाच खर्च करण्याइतके पैसे आहेत त्याने बेभरवशाच्या वाटेला जाऊ नये असे माझे मत. युरोपातल्या एखाद्या दुकानात मिळाली तर जरूर घ्यावी.

पितळी जुन्या लेन्स. रॉस, डालमायर, टेलर-हॉब्सन ही इंग्रजी नावे आपल्याकडच्या स्टुडिओंत सर्रास असत. १८६६ पासून चालत आलेली रॅपिड रेक्टिलिनिअर ही बनावट एफ/८ ची, साधी, दोन जोडकाचांची, आणि एफ/२२ ला आजही देखणे चित्र देते. अडचण अशी की पितळ चकाकले की ती लेन्स शोभेची वस्तू होते. मुंबईच्या चोर बाजारात ती दिवाणखान्यात ठेवण्यासाठी विकली जाते, किंमतही त्याच हिशेबाने लावतात, आणि आतली एखादी काच गायब असली तरी विकणाऱ्याला त्याचे काही नसते. हाताळून, काचा मोजून घेता आली तरच घ्यावी. सोलापुरात दोन जुन्या स्टुडिओवाल्यांकडे तशा लेन्स निघाल्या, पण त्यांना त्या द्यायच्या नव्हत्या. वडिलांची आठवण म्हणून ठेवल्या आहेत, म्हणाले. तो विषय तिथेच थांबवला.

झेरॉक्स यंत्रातली लेन्स. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत चांगली जाड लेन्स असते आणि दुरुस्तीवाल्याकडे यंत्र भंगारात जाताना ती जवळपास फुकट मिळते. ए३ कागदाची प्रत मूळ आकारात काढणाऱ्या यंत्राच्या लेन्सचे वर्तुळ त्या अंतरावर मोठे असते. दूरच्या वस्तूवर फोकस केले की ते निम्मे होते, कारण लेन्सपासून प्रतिमेचे अंतर निम्मे होते. तरी फुकटात मिळते! पण तिला आयरिस, म्हणजे भोक लहानमोठे करणारी पाती, नसतो. भोक बदलता येत नाही, म्हणून जवळचे-दूरचे किती स्पष्ट यावे हे हातात राहत नाही. काचांच्या दोन गटांमध्ये काळ्या पत्र्याची गोल भोकाची चकती बसवता येते, पण त्यासाठी लेन्स उघडून पुन्हा तशीच्या तशी जुळवावी लागते. एक अशी लेन्स आम्ही आणून बाजूला ठेवली. पर्याय म्हणून ती अजूनही कपाटात आहे.

चष्म्याच्या काचेवर पहिला धडा

शोध लांबत होता आणि कॅमेरा रिकामा पडून होता. मधल्या काळात त्याने चष्म्याच्या दुकानातून प्लस पाच नंबरची न कापलेली गोल काच आणली. नंबर म्हणजे एक मीटर भागिले फोकल लेंग्थ, तेव्हा प्लस पाच म्हणजे २०० मिलिमीटर. शंभर-दोनशे रुपयांचे काम. १८१२ साली वोलॅस्टनने दाखवून दिलेली रचना हीच: एकच वाकडी काच, खोलगट बाजू समोरच्या दृश्याकडे, आणि तिच्यापुढे थोड्या अंतरावर लहान भोकाची चकती. पुठ्ठ्याच्या नळीत हे बसवले. एफ/२२ च्या आसपासचे भोक पाडायचे तर २०० ला २२ ने भागायचे, म्हणजे ९ मिलिमीटर. चकतीला तेवढे ड्रिल.

यातून मिळालेला धडा लेन्सच्या किमतीपेक्षा मोठा होता. एकाच काचेला वेगवेगळे रंग एका जागी आणता येत नाहीत. डोळा पिवळ्या-हिरव्या उजेडात फोकस पाहतो, फिल्मऐवजी लावलेला फोटोचा कागद मात्र निळ्या उजेडाने काळा होतो, आणि निळ्याचे फोकस लेन्सच्या जवळ पडते. २०० मिलिमीटरच्या काचेत हा फरक काही मिलिमीटरचा असतो. म्हणून घिसलेल्या काचेवर चेहरा धारदार दिसला, की भाता थोडा आत घ्यायचा आणि मग एक्स्पोजर द्यायचे. किती आत, ते पट्टी तिरकी ठेवून चाचणी काढून ठरवायचे. त्याने ते केले आणि रॅकवर पेन्सिलीची खूण करून ठेवली. मधला भाग स्वच्छ आणि कडा विरघळत गेलेली अशी त्याच्या आईची जी प्रतिमा निघाली, ती मला आजही त्याच्या चांगल्या कामांपैकी वाटते. इमारतीसाठी मात्र हे चालणारे नव्हते. वाड्याच्या कोपऱ्यातली नक्षी पुसट झाली तर फोटो काढायचा कशाला?

प्रोसेस कॅमेरा

आता ज्या धंद्याकडे मी सुरुवातीपासून बोट दाखवत होतो तो धंदा. सोलापूर हे छपाईचेही गाव आहे. दाते पंचांग इथून निघते, वर्तमानपत्रे निघतात, लग्नपत्रिका आणि चादरींची लेबले छापणारे प्रेस गल्लोगल्ली आहेत. ऑफसेटवाल्यांकडे एकेकाळी प्रोसेस कॅमेरा असे. पेस्टिंग केलेले पान समोर लावायचे, दिव्यांचा झोत टाकायचा, लिथ फिल्मवर निगेटिव्ह घ्यायची आणि तिच्यावरून प्लेट करायची. संगणक आणि त्यावरून फिल्म काढणारे इमेजसेटर आले, पुढे थेट प्लेट बनवणारी यंत्रे आली, आणि ते कॅमेरे अडगळ झाले. लोखंडी सांगाडा भंगारवाल्याने नेला. लेन्स कुठे गेली?

ती काढून ठेवलेली असते. ज्याने यंत्र घेताना लाखभर मोजले, तो मालक लेन्स सहसा भंगारात घालत नाही. प्रेसमध्ये जाऊन "जुना कॅमेरा आहे का?" विचारले तर नाही म्हणतात. "प्रोसेस कॅमेऱ्याची लेन्स कुठे ठेवलीत?" असे विचारले की आठवते. दोन-चार प्रेसमध्ये नकार मिळाला, एके ठिकाणी बुरशीने पूर्ण खाल्लेली निघाली. मग एका वयस्क मालकांनी टेबलाच्या खणातून कापडात गुंडाळलेली एक बाहेर काढली. "कॅमेरा तर गेला भंगारात. ही तेवढी ठिवली, जर्मन हाय म्हणून." श्नायडरची जी-क्लॅरॉन, २१० मिलिमीटर, एफ/९, बॅरलमध्ये.

जी-क्लॅरॉन ही कागदाची प्रत काढण्यासाठी बनवलेली लेन्स. तिची ख्याती लार्ज फॉरमॅटवाल्यांत पसरली तरी प्रेसवाल्यांपर्यंत पोचलेली नाही. मूळ आकाराच्या प्रतीसाठी तिचा हिशेब बांधलेला असला तरी एफ/२२ ला दूरच्या दृश्यासाठीही ती धारदार असते. श्नायडरच्या आकड्यानुसार २१० च्या लेन्सचे वर्तुळ एफ/२२ ला २६० मिलिमीटर आहे. म्हणजे ४×५ वर फळी पन्नास मिलिमीटरहून जास्त सरकवता येते, कॅमेराच तेवढा सरकत नाही. हाफ प्लेटचा कर्ण २०५ मिलिमीटरच्या आत आहे, तेव्हा मूळ मापावर परत जायचे झाले तरी ही पुरेल. आणि तिला घेण्याचे सगळ्यात मोठे कारण वेगळे आहे. बॅरलमधल्या २१० च्या पुढच्या-मागच्या काचा काढून त्या थेट 'कोपाल १' या मापाच्या शटरमध्ये आटे फिरवून बसवता येतात. आज शटर परवडत नाही, उद्या कधी एखादे सुटे मिळाले तर तीच लेन्स शटरसकट होते. झेरॉक्सची लेन्स ही वाट देत नाही.

मालकांनी किंमत सांगितली नाही. काय करणार आहेस, कशाचे फोटो काढणार, हे दहा मिनिटे विचारत राहिले. भंगारवाल्याने किलोच्या भावाने मागितली होती तेव्हा दिली नाही म्हणाले. शेवटी चार हजारांवर ठरले. त्याने घासाघीस केली नाही, आणि ते योग्यच केले. त्याच वस्तूला बाहेर किती मिळते हे त्याने मालकांना आधी सांगितले होते.

पैसे देण्याआधी तपासणी तिथेच केली. मोबाइलची टॉर्च मागून धरून तिरके पाहिले: बुरशीचे धागे नाहीत, धुके नाही, मागच्या काचेवर बारीक पुसल्याचे ओरखडे आहेत पण त्याने फरक पडत नाही. चिकटवलेल्या काचांच्या कडेला इंद्रधनुषी डाग असला तर डिंक सुटला आहे असे समजायचे, तोही नव्हता. आयरिस शेवटपर्यंत फिरवून पाहिला, पाती कोरडी आणि एकसारखी. आकड्यांची पट्टी एफ/९ पासून एफ/६४ पर्यंत. बस्स. एवढे पाहिले तर जुन्या लेन्सच्या बाबतीत फसगत बहुतेक टळते.

बसवणे आणि पारखणे

लेन्ससोबत फळीवर घट्ट बसवणारी पितळी रिंग नव्हती. ही रिंग नेहमी कॅमेऱ्यावरच राहते आणि कॅमेऱ्यासोबत भंगारात जाते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने बॅरलच्या मागच्या आट्यांचा पिच गेजने मोजला आणि ॲल्युमिनियमची रिंग कातून दिली, सातशे रुपयांत. आटे पहिल्या प्रयत्नात घट्ट झाले, ते त्याने व्हॉल्व्हच्या पेस्टने घासून सैल केले. सुताराने प्लायवूडची नवी फळी केली, मागून काळा मखमली कापडाचा गोल चिकटवला. टोपीसाठी मसाल्याच्या बरणीचे झाकण बरोबर बसले, आतून फेल्ट लावून.

लेन्सवर छापलेला आकडा तपासून घ्यायची एक सोपी रीत आहे. दूरच्या टाकीवर फोकस करून भात्याची जागा खूण करायची. मग पट्टी समोर धरून, काचेवर ती मूळ आकारात दिसेपर्यंत भाता लांबवायचा. दोन्ही खुणांमधले अंतर म्हणजेच फोकल लेंग्थ. इथे ते २१० च्या अगदी जवळ निघाले.

कोपऱ्यांची परीक्षा घिसलेल्या काचेच्या कापलेल्या टोकांतून होते. जुन्या कॅमेऱ्यांच्या काचेचे कोपरे मुद्दाम छाटलेले असतात. तिथून डोळा लावून लेन्सकडे पाहायचे. भोक पूर्ण गोल दिसले तर कोपऱ्याला पूर्ण उजेड मिळतो आहे. बदामासारखे दिसले तर बॅरल आड येते आहे, आणि फळी थोडी खाली घ्यायला हवी. इंद्रभुवनसमोर त्याने फळी कॅमेऱ्याची हद्द संपेपर्यंत वर नेली. एफ/२२ ला भोक गोलच राहिले.

उन्हात कागद, सावलीत एक्स-रे

फिल्मचा खर्च हाही लेन्सच्या बजेटचाच भाग धरायला हवा. इलफर्डची ४×५ फिल्म सुंदर, पण शिकण्याच्या काळात प्रत्येक शीट छातीवर दगड ठेवून उघडावी लागते. त्याने दोन पर्याय धरले. फोटोचा कागद, ज्याची गती साधारण आयएसओ ६ धरता येते. आणि वैद्यकीय एक्स-रे फिल्म, हिरव्या उजेडाला संवेदनशील प्रकारातली, जी त्याने आयएसओ ८० धरून वापरली. ८×१० इंची शीटचे लाल दिव्यात चार तुकडे होतात. तिला दोन्ही बाजूंना इमल्शन असते, म्हणून ट्रेच्या तळाला काच ठेवून, हळू हाताने, एकेक शीट धुवायची. नाहीतर ओरखडे पडतात.

बिनशटरच्या लेन्सशी या दोन्हींची जोडी नीट जमते, आणि कोणती कधी ते आकडेच सांगतात. भर उन्हात एफ/१६ ला एक्स्पोजर एक भागिले आयएसओ. कागदाला ते १/६ सेकंद. एफ/४५ ला आले की सव्वा सेकंदाच्या आसपास. टोपीने हे आरामात देता येते. एक्स-रे फिल्मला त्याच उन्हात एफ/६४ लाही १/५ सेकंद होतो, तो हाताने देता येत नाही. उलट कारखान्याच्या दारातल्या सावलीत, उन्हापेक्षा पाच स्टॉप कमी उजेडात (दर स्टॉपला उजेड निम्मा), तीच फिल्म एफ/३२ ला दीड सेकंद मागते. त्याने स्वतःला एक मर्यादा घालून घेतली: एका सेकंदाखालचे काहीही काढायचे नाही. टोपी उघडण्या-लावण्यात पाव सेकंदाची चूक होतेच. दोन सेकंदांत ती पचते, पाव सेकंदाचे एक्स्पोजर ती दुप्पट करू शकते.

कारखान्यात एक अडचण आली, ती पुस्तकात सापडत नाही. यंत्रमाग चालू असताना फरशी थरथरते. ट्रायपॉड कितीही जड असो, दीड सेकंदात चित्र हलते. माग बंद ठेवायला मालकाला सांगणे म्हणजे कामगारांच्या मजुरीला हात घालणे, कारण मोबदला विणलेल्या मालावर मिळतो. तेव्हा जेवणाच्या सुट्टीतच काम करायचे असे ठरले. कॅमेरा आधीच दारात लावून ठेवायचा, फोकस खुर्चीच्या पाठीवर करून घ्यायचा, आणि डबा संपल्यावर जो उभा राहायला तयार असेल त्याला चौकटीला खांदा टेकवून उभे करायचे. खांदा टेकला की डोके डुलत नाही. एफ/९ ची लेन्स घिसलेल्या काचेवर अंधुक दिसते हे खरे, दारातल्या उजेडात पुरते. आत मागांच्या रांगेत कॅमेरा नेला तर काळ्या कापडाखाली काहीच दिसत नाही. तिथे त्याने समोरच्या माणसाच्या हातात मोबाइलची टॉर्च देऊन तिच्या ठिणगीवर फोकस केले, आणि ही युक्ती चालली.

हिरव्या उजेडाची फिल्म लाल रंग पाहत नाही. कुंकू काळे येते, ओठ गडद येतात, उन्हात रापलेली कातडी आणखी खोल दिसते. लाल आणि मरून चादरींचे नक्षीकाम तर काळ्यात बुडते. पहिल्या प्रती पाहून एका वयस्क विणकरांनी, तेलुगू वळणाच्या मराठीत, आपण इतके काळे नाही म्हणून हरकत घेतली. ती हरकत रास्त आहे. लोकांचे चेहरे लोकांना स्वतःचे वाटले पाहिजेत. त्याने आता चेहऱ्यांसाठी इलफर्डची एफपी४ प्लस थोडी थोडी घ्यायला सुरुवात केली आहे आणि एक्स-रे फिल्म वाड्यांच्या सावलीतल्या भिंती-दरवाजांसाठी राखली आहे. एफपी४ ची गती आयएसओ १२५, म्हणजे टोपीने काम करायला दारातल्या सावलीत एफ/४५ पर्यंत जावे लागते. जमते.

हिशेब आणि अडलेले

लेन्स चार हजार, रिंग सातशे, फळी-कापड-फेल्ट मिळून तीनशेच्या आत. पाच हजारांत लेन्सचे काम आटोपले. उरलेल्या सातांत जुने फिल्म होल्डर आले, कागद आणि रसायने आली, आणि एफपी४ चे पहिले पाकीट. शटर घेतलेले नाही. सुटे कोपाल १ नजरेत ठेवले आहे. घेण्याआधी मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये त्याचे एक सेकंद ते १/१५ हे वेग मोजायचे, कारण जुन्या शटरची मंद चक्रे आधी अडकतात आणि त्याला नेमके तेच वेग लागणार आहेत.

पेठांतल्या वाड्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. गल्ली आठ-दहा फूट रुंद, समोर मागे सरायला जागा नाही, आणि २१० मध्ये दरवाजाची चौकटसुद्धा मावत नाही. तिथे ९० मिलिमीटर लागेल. जुन्या श्नायडर अँग्युलॉनची ९० ची एफ/६.८ लहान आणि तुलनेने स्वस्त आहे, पण तिचे वर्तुळ ४×५ ला जेमतेम पुरते, फळी सरकवायला जागाच उरत नाही, आणि गल्लीत तर फळी सरकवावीच लागते. मोठ्या वर्तुळाच्या ९० च्या लेन्स प्रेसच्या खणात सापडणार नाहीत. छपाईच्या धंद्याला तेवढा रुंद कोन कधी लागलाच नाही. शिवाय लाकडी फील्ड कॅमेऱ्याचा भाता ९० मिलिमीटरपर्यंत दाबला की घट्ट होतो आणि फळी हलेनाशी होते, म्हणजे आत खोल गेलेली फळी करून घ्यावी लागेल. सुताराशी त्याबद्दल बोलणे चालू आहे. तोवर गल्लीतल्या वाड्यांसाठी पत्र्याला बारीक भोक पाडून पिनहोल वापरायचे ठरले आहे: ९० मिलिमीटर अंतराला ०.४ मिलिमीटरचे भोक, एफ/२२५, आणि एक्स-रे फिल्मवर सावलीत दोन-तीन मिनिटे. भिंतींना घाई नसते, आणि पिनहोलला वर्तुळाची अडचण नाही.